माझे केस कसे आहेत?

आमच्या पुकारुमी गावात हर्मेलिंदा चासीचे केस कुणी पाहिले नव्हते. चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की सगळ्या बायका हॅट काढून मांडीवर ठेवतात, तीही ठेवायची, पण खाली काळा रुमाल कानांपर्यंत आवळून बांधलेला असायचाच. तिचा नवरा सेगुंदो लग्नानंतर सात वर्षांत ट्रकसकट दरीत गेला. त्या बिचाऱ्याने तरी ते उजेडात पाहिले होते की नाही, देव जाणे.

मी तिची शेजारीण, एल्विया. चर्चच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या विकते आणि वर्षातून चारदा पडद्याआड टाचण्या धरते. हे दुसरं काम मोठ्या मानाचं, असं लोक म्हणतात. वेदीच्या वर, चर्च ज्या कड्याला टेकलंय त्याच्या कोनाड्यात आमची मामिता उभी आहे, कड्याच्या देवमातेची मूर्ती. चारदा तिचे कपडे बदलायचे असतात. तेव्हा पडदा ओढतात, पुरुष बाहेर, फादर एफ्राईनसुद्धा बाहेर, आणि आत दोनच बायका. मामितेचं डोकं, चेहरा, केस हर्मेलिंदाकडे. टाचण्या माझ्याकडे. तीस वर्षांत एकदाही तिने म्हटलं नाही, की एल्विया, आज तू विंचर. जळायचे मी. उगाच खोटं कशाला बोला?

पडद्याआड पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी मामितेच्या पायावर हात ठेवून शपथ असते. ती मी मोडत नाहीये. हर्मेलिंदाने स्वतःच भर जत्रेत सगळं सांगून टाकलं. ऐकलं कुणी नाही, हा भाग वेगळा.

तर गोष्ट केसांची आहे. मामितेच्या डोक्यावर माणसाचे केस असतात, नवसाचे. छत्तीस वर्षांपूर्वी जुना टोप झिजला होता आणि त्याच सुमारास रोसाउराबाईंच्या, म्हणजे हर्मेलिंदाच्या आईच्या, धाकट्या मुलीला, तार्हेलियाला, तापाने धरलं. सतरा वर्षांची पोर, केस गुडघ्यापर्यंत. रोसाउराबाई कड्याच्या पायऱ्या गुडघ्यांवर चढून गेल्या आणि म्हणाल्या, पोर दे, केस घे. पोर वाचली. केस कापले आणि मामितेच्या डोक्यावर चढले. त्या दिवशी सगळं गाव रडलं, हर्मेलिंदा सोडून. ती बावीस वर्षांची होती, माझ्या शेजारी उभी होती, आणि माझ्या कानात म्हणाली, "आता देवळातसुद्धा हीच."

तिचंही चुकलं म्हणवत नाही. धाकटी जन्मली तेव्हा ही पाच वर्षांची. त्याच आठवड्यात आईने सांगितलं, "तू आता मोठी झालीस, आपली वेणी आपण घालायची." संपलं. त्यानंतर तिच्या डोक्याला आईचा हात लागला नाही. धाकटीला मात्र रोज दुपारी अंगणात बसवून, शिंगाच्या फणीने, ओव्याच्या पाण्याचा हात लावत, तासभर विंचरणं चालायचं. आम्ही पोरी कुंपणापाशी थांबून बघायचो. हर्मेलिंदा तिथेच बटाटे सोलत असायची, मान खाली घालून. तिच्या हातचं बटाट्याचं साल फार जाड निघायचं. रोसाउराबाई ओरडायच्या, "अगं, अर्धा बटाटा डुकराला घालतेस का?"

मामितेला सजवायचं काम तिला मिळालं तेही ह्या केसांमुळेच. आधीची बाई वारली तेव्हा रोसाउराबाई फादरकडे गेल्या. "माझ्या तार्हेलियाच्या केसांना परक्या बाईचा हात नको. घरातली थोरली आहे की." म्हणजे उभ्या जन्मात एक मान मिळाला, तोही बहिणीचे केस विंचरायचा.

तार्हेलिया तोवर स्पेनला गेली होती. मुर्सियात म्हाताऱ्यांची सेवा करायची, घरी पैसे पाठवायची. दर रविवारी फोन. आईची चौकशी व्हायची, मक्याची व्हायची, आणि मग हसत हसत, "न्यान्या, माझे केस कसे आहेत?" आमच्याकडे बहिणीला न्यान्या म्हणतात. ती गमतीने विचारायची, मला ठाऊक आहे. पण हर्मेलिंदा फोन ठेवायची ती दात ओठ खाऊन. "माझे केस म्हणे! दिलेस ना देवाला? मग माझे कसले?"

यात्रेकरू तर मिठाची पिशवी घेऊनच यायचे जखमेवर चोळायला. रिओबांबाहून, अम्बातोहून, कुठून कुठून तीन तीन दिवस चालत यायचे, पाय सुजलेले, खांद्यावर पोरं. पायऱ्या चढून वर बघायचे आणि पहिला शब्द काय? "काय केस आहेत गं मामितेचे!" एवढा नक्षीचा झगा हर्मेलिंदाने रात्रंदिवस बसून भरलेला, झालर इस्त्री करता करता बोटं भाजलेली, त्याच्याकडे कुणाची नजर जात नसे.

मग रोसाउराबाईंना मोतीबिंदू झाला, नंतर अंथरूण धरलं. पायऱ्या चढणं संपलं. आंधळी म्हातारी दिवसभर एकच धोशा लावायची, "मला तिचे केस दाखव. एकदा हात लावू दे." स्पेनमधली तार्हेलिया तिला नको होती जणू, तिचे ते केसच हवे होते. हर्मेलिंदा घास भरवायची, कूस बदलायची, धुणं धुवायची, आणि हे ऐकायची.

त्या वर्षी इस्टरआधी कपडे बदलताना मी टाचण्या धरून उभी होते. हर्मेलिंदाने टोपाच्या आतून, मानेपाशी, कात्रीने एक बट सोडवली आणि शालीखाली घातली. माझ्या हातातल्या टाचण्या खाली पडल्या.

"वेचून घे," ती म्हणाली. "आणि तोंड मीट."

मग तिने हॅट काढली, रुमाल सोडला. मी पहिल्यांदा पाहिले तिचे केस. कमरेच्याही खाली, काळे, जाड, टोकाशी जरासे वळलेले. तार्हेलियाचे सरळ होते, पाण्यासारखे. हे तसे नव्हते, पण ह्यांच्यात जीव होता. तिने आपली एक बट कापली आणि त्या जागी टोपाला शिवून टाकली, इतकी बारीक की माझ्यासारखीला सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

"अगं, हे पाप आहे," मी म्हटलं.

"आईला हवेत. मामितेचं डोकं उघडं ठेवू का?"

ही सुरुवात खरोखर आईसाठीच होती, हे मी कुठेही सांगेन. पण आई वर्षभरात गेली आणि हर्मेलिंदाचं शिवणं थांबलं नाही. दर वेळी एक बट बाहेर, एक बट आत. मी काही विचारायची नाही, ती काही सांगायची नाही. ते काम करताना मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एरवी कपाळाला आठ्या असलेली बाई तेवढा वेळ गुणगुणायची. अकरा वर्षांत तार्हेलियाचा एक केस मामितेच्या डोक्यावर राहिला नाही. लोक वर बघून म्हणायचे, "काय केस आहेत!" आणि खाली हर्मेलिंदा झाडू मारता मारता गालातल्या गालात हसायची.

चूक एकच झाली. माणूस म्हातारं होतं, हे ती विसरली.

डाव्या कानावर पहिल्यांदा दिसलं. रिओबांबाच्या एका शाळामास्तरणीने मोबाईलने फोटो काढला, बोटांनी मोठा करून पाहिला आणि किंचाळली. मामितेच्या केसांत पांढरं! दुसऱ्या रविवारी दुप्पट लोक. तिसऱ्या रविवारी बसगाड्या उभ्या करायला जागा उरली नाही. "मामिता म्हातारी होतेय, आपल्या काळजीने!" म्हाताऱ्या बायका तर वेड्याच झाल्या. सगळ्या देवमाता कशा सोळा वर्षांच्या पोरी असतात, आपली दुखणी त्यांना काय कळणार? ही आपल्यातली. गुडघ्यांवर चढायला लागल्या, गाणी रचली. माझ्या मेणबत्त्या दुपारच्या आत संपायला लागल्या. फादर एफ्राईन होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बाकं मात्र नवी करून घेतली.

आणि मग कुणीतरी आठवण काढलीच. केस कुणाचे? तार्हेलियाचे! ती तिकडे स्पेनमध्ये पिकतेय, इकडे तिचे केस पिकतायत. छत्तीस वर्षांपूर्वी कापलेले केस जिवंत आहेत! मग काय, पायऱ्यांच्या तोंडाशी तार्हेलियाचा जुना फोटो छापून विकायला लागले, सतरा वर्षांची, गुडघ्यापर्यंत केस सोडलेली.

हर्मेलिंदा तो फोटो घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली आणि चुलीत घातला.

"माझं डोकं, माझा पिकलेला केस, आणि आरती हिची!"

"मग थांबव ना शिवणं."

"का थांबवू? माझे आहेत ते."

"निदान काळे बघून तरी शीव."

तिने हॅट फेकली, रुमाल सोडला. "दाखव. शोधून दे एक काळा."

नव्हता. कातरून कातरून केस विरळ झालेले, पार पांढरे. मला तिची दया आली आणि हसूही आलं. दोन्ही तिला दिसलं असावं, कारण महिनाभर बोलली नाही माझ्याशी.

गेल्या सप्टेंबरात जत्रेचा मान तार्हेलियाने घेतला. मानकरीण म्हणजे झगा तिचा, फुलं तिची, बँड तिचा, गावजेवण तिचं. आणि जुनी रीत अशी की कपडे बदलायच्या दिवशी मानकरणीला पडद्याआड घेतात आणि मामितेच्या केसांतून तीनदा फणी फिरवू देतात. हर्मेलिंदाचा चेहरा त्या बातमीने पांढराफटक पडला. तीन फण्या कुठल्याही मानकरणीने फिरवाव्यात, पण ही? स्वतःचे केस ओळखणार नाही?

तार्हेलिया टॅक्सीतून उतरली ती केस मानेपर्यंत कापलेले, वर तांबूस तपकिरी रंग. गर्दी पांढऱ्या केसांची वाट बघत होती, सगळ्यांची तोंडं पडली. तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली, अंगठा जिभेवर ओला केला आणि तिच्या भांगात चोळला. "पांढरे! मुळाशी पांढरे आहेत गं!" झालं. अर्धं गाव तिच्या डोक्याला हात लावायला धावलं. तार्हेलियाही मान खाली घालून उभी राहिली, हसत, प्रत्येकाला हात लावू देत. हर्मेलिंदा तिच्या बॅगा उचलून घरी गेली.

"पाहिलंस?" कुंपणापाशी मला म्हणाली. "आयुष्यभर कुणी ना कुणी हिच्या डोक्यावरून हात फिरवतंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा ओढला. बाहेर बँड वाजत होता, पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. आत आम्ही तिघी. मामितेला खाली उतरवून टेबलावर उभी केली होती, नवा झगा चढवला होता. हर्मेलिंदाने शिंगाची फणी बहिणीच्या हातात दिली. रोसाउराबाईंची तीच फणी. तिला भीती होती, आणि एवढी वर्षं शेजारी राहून मला कळतं, तिला हावही होती. कुणीतरी ओळखावं, अशी.

तार्हेलियाने पहिली फणी फिरवली. काही नाही. दुसरी फिरवली, अडखळली, बोटांनी टोकाचं वळण चाचपलं. तिसरी फणी एका गुंत्यात अडकली आणि तिने जरा जोरात ओढली.

"हळू गं!" हर्मेलिंदा म्हणाली, आणि तिचा हात आपल्याच डोक्याकडे गेला.

ती चार पावलं लांब उभी होती.

तार्हेलियाने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या रुमालावर गेलेल्या हाताकडे पाहिलं. मग मामितेच्या केसांकडे.

"न्यान्या, हे तुझे आहेत."

"हो."

"कधीपासून?"

"आईने अंथरूण धरलं तेव्हापासून."

"आणि माझे?"

"तुझे आईच्या हातात होते. गेली तेव्हासुद्धा मुठीत होते, सुटेनात. तसेच पेटीत घातले. बाकीचे मागाहून नेऊन तिच्याच मातीत पुरले, जा, उकरून बघ." हर्मेलिंदाचा आवाज चढत गेला. "मी उशाशी बसलेली. मी पाणी पाजतेय. आणि ती तुझे केस कुरवाळत म्हणतेय, तार्हेलिया, माझी तार्हेलिया. मी हात पुढे केला तर म्हणाली, सर बाजूला, गुंता होईल."

तार्हेलिया मटकन खाली बसली. मला वाटलं आता रडेल, पण ती रागावली होती. "मला सांगतेस? मी तिकडे परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली वर्षानुवर्षं, आणि माझ्या आईला तू जवळ होतीस! मला केस मिळाले म्हणतेस, तुला आई मिळाली की अख्खी! मी दर रविवारी केसांचं का विचारायची? ह्या गावात माझं दुसरं होतं काय? आणि तेही काढून घेतलेस."

बहिणीला आपला हेवा वाटू शकतो, हे हर्मेलिंदाच्या कधी मनातच आलं नव्हतं. पण विरघळायला ती कुठे तयार होती?

"जा मग, सांग बाहेर. चोर आहे म्हणून सांग. नाहीतर मीच सांगते. एकदा, एकदाच त्या लोकांच्या तोंडून ऐकायचंय मला, हर्मेलिंदाचे केस."

"अगं बाई, जत्रा मोडेल!" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर मेणबत्त्यांची खोकी होती, लपवत नाही.

तिने ऐकलं नाही. हॅट टेबलावर टाकली, रुमाल सोडून माझ्या अंगावर फेकला, पडदा सारला आणि उघड्या डोक्याने तशीच वेदीच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. विरळ, पांढरे केस पाठीवर सुटलेले. छातीवर हात मारून ओरडली, "ते केस माझे आहेत! ऐकताय? मामितेच्या डोक्यावर आहेत ते माझे केस आहेत!"

बँड थांबला. मी टाचण्यांची डबी छातीशी धरून मामितेचा धावा करत होते.

मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, तीन दिवस चालून आलेली, पायांना चिंध्या बांधलेल्या. तिने आपली हॅट काढली. "खरं बोललीस गं बाई. माझेही आहेत. बघ." तिचंही डोकं पांढरं. मागची उठली. "माझेही!" मग तिच्या मागची. रांगाच्या रांगा उठल्या, हॅट काढून, वेण्या सोडून, रडत, "माझेही आहेत, मामिता, माझेही!" बँडने गाणं धरलं. हर्मेलिंदा हात हलवत ओरडत होती, "नाही हो, खरंच माझे! मी शिवलेत!" पण तो आवाज तिच्यापाशीच राहिला. लोक तिला मिठ्या मारत होते, भावाबहिणीसारखे, जशा बाजूच्या बाईला मारत होते तशाच.

ती परत पडद्याआड आली. मामितेच्या टेबलाखालच्या पायरीवर बसली. बाहेर जयजयकार चालला होता आणि तिच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

"झालं समाधान?" मी विचारलं. जरा लागट बोलले, पण मीही घाबरले होते.

तार्हेलिया उठली. हर्मेलिंदाच्या मागे वरच्या पायरीवर बसली, तिचं डोकं आपल्या गुडघ्यांमध्ये घेतलं आणि फणी लावली. हर्मेलिंदा पहिल्यांदा दचकली, मग मान सैल सोडली. तार्हेलिया गुंते बोटांनी सोडवत होती, टोकाकडून वर, बारीक बारीक भाग करत. रोसाउराबाई अंगणात विंचरायच्या अगदी तसंच.

पलीकडून फादर विचारत होते, झालं का, मिरवणूक थांबलीय.

"आईसारखा हात आहे तुझा," हर्मेलिंदा म्हणाली.

"शिकले की. रोज घालायची ना ती माझी वेणी."

"मला नाही घातली." साठीला आलेली बाई, पण आवाज अंगणात बटाटे सोलणाऱ्या पोरीचा होता. "मला कसं कळणार, तिचा हात कसा होता ते? तुझ्यासारखा म्हटलं आपलं."

तार्हेलियाची फणी थांबली. मग तिने घालायला घेतलेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतलं. मी पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि फादरना सांगितलं, अजून वेळ आहे, मामितेचे केस व्हायचेत.